लॅपटॉपचा की-बोर्ड, व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं आणि १४ ऑगस्ट

मिरजेच्या एका वाचकाचं पत्र आहे. घरी बसून जीएसटीची रिटर्न भरून देण्याचं काम करतात. मुंबईला मुलाकडे गेले असताना तिथल्या एका दुकानात लॅपटॉपचा की-बोर्ड बदलून घेतला, ३,२०० रुपये यूपीआयने दिले. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओरिजनल, लाइटवाला’ असं लिहून दिलं होतं. १४ ऑगस्ट २०२४ला लॅपटॉप हातात आला, तर की-बोर्डला लाइटच नाही. नोव्हेंबरात आकड्यांच्या बाजूची चार-पाच बटणं एकदम बंद पडली. मुलाने पुन्हा नेऊन दिला, दुकानातल्या पोऱ्याने उघडून की-बोर्ड जोडणारी चपटी वायरची पट्टी पुन्हा बसवली, पैसे घेतले नाहीत. महिनाभर चालला, मग परत तेच. तेव्हापासून ‘पार्ट आला की फोन करतो’ चालू आहे, आणि आता जून २०२६ उजाडला. पत्रात प्रश्न असा : आधी वकिलामार्फत नोटीस पाठवतो, महिना-दीड महिना उत्तराची वाट पाहतो, नाही आलं तर ग्राहक मंचात जातो, नोटिशीच्या तारखेपासून दोन वर्षं मिळतात ना?

नाही मिळत. वॉशिंग मशीन, मोबाइलचा डिस्प्ले, गिझर, सगळ्यांची पत्रं याच वळणाची असतात आणि सगळ्यांची हीच समजूत असते. सेवेतली त्रुटी म्हणजे काय, दुकानदाराची जबाबदारी काय, हे मी पुन्हा उगाळत बसत नाही. तुमचं प्रकरण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९वर उभं आहे किंवा पडणार आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. पत्रव्यवहाराने वाढत नाही, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ने तर नाहीच. शिवाय या कायद्याखाली तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे असंही कुठे म्हटलेलं नाही. तुम्ही जे पहिलं पाऊल समजता आहात, ते न टाकताही चालतं. आणि ते टाकून वाट बघत बसलात तर तेवढ्यात मुदत निघून जाईल.

आता कारण घडलं कधी? इथे तुमची सगळ्यात भक्कम बाजूच तुमच्या अंगावर येते. बटणं का बंद पडली यावर वाद घालता येईल. दुकानदार म्हणेल चहा सांडला, मदरबोर्ड गेला, मुलाने आपटला. पण लाइटवाल्याचे पैसे घेऊन बिनलाइटचा बसवला, हे डोळ्यांना दिसतं, त्याला तज्ज्ञ लागत नाही. फक्त ते १४ ऑगस्ट २०२४लाच दिसत होतं. म्हणजे त्या मुद्द्यापुरती दोन वर्षं त्या दिवशीच सुरू झाली. नोव्हेंबरात पुन्हा उघडून दुरुस्त केला, म्हणून मुदत तिथून मोजावी, असा युक्तिवाद मी ग्राहक आयोगापुढे (तुम्ही ज्याला मंच म्हणता त्याचं आताचं नाव) करीनही. कधी तो मान्य होईल, कधी होणार नाही. पण तुमच्या हातात अजून दोन महिने असताना त्या युक्तिवादावर विसंबायचं कारण काय? १४ ऑगस्ट ही शेवटची तारीख धरा आणि जुलै उजाडायच्या आत तक्रार दाखल करा.

उशीर माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे. त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. ‘दुकानदार आश्वासनं देत होता’ हे कारण मी अनेकदा ऐकलंय. त्यावर माफी मिळेलच, असं कोणाला सांगायला मी धजणार नाही. मुदत दुसऱ्या बाजूलाही आहे, हेही जाता जाता सांगते. तक्रारीची प्रत मिळाल्यावर त्यांना लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगही वाढवून देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२०मध्ये ठरवून दिलंय.

तक्रार कुठे? पावतीवर ‘न्यायक्षेत्र मुंबई’ असा शिक्का आहे म्हणून तुम्ही घाबरलात. कलम ३४ तुम्हाला राहत्या जिल्ह्याच्या आयोगात जाऊ देतं, म्हणजे सांगलीत. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. मोबदला, म्हणजे तुम्ही दुकानदाराला दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही. ३,२०० रुपयांच्या प्रकरणात वकिलाची फी त्याहून जास्त होईल, हे मी माझ्या धंद्याविरुद्ध सांगते आहे. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन जरूर करा, पुष्कळ दुकानदार तिथल्या फोनने जागे होतात. मात्र तो फोन म्हणजे तक्रार नव्हे, त्याने मुदत थांबत नाही.

तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की रिटर्न भरणं हा तुमचा स्वयंरोजगार आहे, पोटापाण्याचा उद्योग आहे, हाताखाली माणसं नाहीत. नाहीतर ‘लॅपटॉप धंद्यासाठी वापरतात, हे ग्राहकच नव्हेत’ हा आक्षेप ठरलेलाच असतो.

पुराव्याबद्दल मात्र मला तुमचा थोडा रागच आला. तुम्ही पक्कं बिल मागितलं नाहीत, नुसत्या कच्च्या पावतीवर लॅपटॉप देऊन आलात. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा तो मुद्दा तक्रारीत घाला. यूपीआयची नोंद पैसे दिल्याचा पुरावा म्हणून चालेल. पण जुना की-बोर्डही तिथेच ठेवून आलात! त्याच्या पाठीवर पार्ट नंबरचं स्टिकर असतं. तो हातात असता तर जुना काय होता आणि नवा काय बसवला, हे दोन फोटोंत सिद्ध झालं असतं. लॅपटॉपच्या झाकणावरचं मालिकेचं नाव सांगून की-बोर्ड मिळतो, ही समजूतच चुकीची आहे. एकाच नावाच्या मालिकेत लाइटवाला आणि बिनलाइटचा, आडव्या एंटरचा आणि उभ्या एंटरचा, पॉवरचं बटण असलेला आणि नसलेला, पट्टी डावीकडून निघणारा आणि मधून निघणारा, असे वेगवेगळे की-बोर्ड असतात. तुमचा मूळ कोणता होता, हे आता लॅपटॉपच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्या सेवा केंद्राकडून लिहून घ्या. ते पत्र मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी त्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका.

तुमच्या फोटोत आणि पत्रात मिळून दोन गोष्टी आहेत, ज्यांना तुम्ही महत्त्वच दिलेलं नाही. एक, फोटोत ४च्या बटणावर रुपयाचं चिन्ह नाही, आणि जुन्या की-बोर्डवर ते होतं हे तुमच्या मुलाने २०२३मध्ये काढलेल्या टेबलाच्या फोटोत स्पष्ट आहे. दुसरं, ‘जी’ आणि ‘एच’च्या आसपास बोट ठेवलं की की-बोर्ड जुन्या खाटेसारखा खाली जातो, असं तुम्ही सहज लिहून गेलात. अनेक लॅपटॉपमध्ये की-बोर्ड स्क्रूने बसवलेला नसतो. वरच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला वितळवलेल्या बारीक खिळ्यांनी जखडलेला असतो. ते खिळे तोडल्याशिवाय तो निघत नाही, आणि नवा बसवताना चौकट तरी बदलावी लागते किंवा सगळे खिळे पुन्हा नीट पक्के करावे लागतात. तुमच्याकडे बहुधा कडेकडेचेच केलेत. हे माझं अनुमान आहे, तक्रारीत ठाम विधान म्हणून लिहू नका. ‘मध्यभागी दबतो’ एवढंच लिहा आणि त्याचा व्हिडिओ जोडा. एका व्हिडिओत लाइटचं बटण दाबून काहीच होत नाही हे दाखवा, दुसऱ्यात बंद बटणं एकेक करून दाबा.

तोवर लॅपटॉप उघडू नका. मिरजेतल्या कुठल्या ओळखीच्या पोराकडूनही नको. एकदा तिसऱ्या माणसाचा स्क्रू-ड्रायव्हर लागला की सगळा दोष त्याच्यावर ढकलला जाईल. कामासाठी बाहेरून जोडायचा यूएसबी की-बोर्ड घ्या आणि त्याचं बिल, हो, पक्कं बिल, तक्रारीला लावा.

तक्रारीचा भर लाइटवर आणि चुकीच्या पार्टवर ठेवा, बंद बटणं दुसऱ्या क्रमांकावर. कारण असं की बिघाडाची तपासणी करायची ठरली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असा प्रयत्न कायद्याला अपेक्षित आहे. हे तीन आणि पाच महिने वाचून मला दर वेळी हसू येतं. कुठल्याही आयोगाच्या दारावरची त्या दिवसाची यादी पाहा. निदान आपण होऊन लांबण लावू नये.

मागणी काय करायची? ३,२०० रुपये परत, चौकटीचा खर्च सेवा केंद्राच्या लेखी अंदाजाप्रमाणे, बाहेरच्या की-बोर्डची किंमत, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल माफक रक्कम. तुम्ही दोन लाख लिहिलेत. मिळणार नाहीत, आणि आयोगाचं तुमच्याबद्दलचं मत मात्र पहिल्याच तारखेला बिघडेल. त्रासाचे किती मिळतील ते मी सांगू शकत नाही, सदस्यागणिक बदलतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश छापून लावा, दुकानदाराचा नंबर आणि तारखा दिसतील असे. ‘ओरिजनल, लाइटवाला’ हा संदेश पहिल्या पानावर. आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके ताणत नाहीत, तरी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं बरं. फोन बदलणार असाल तर जुना विकू नका.

आणि ती पावती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत अक्षरं फिकट दिसतात, म्हणजे ती थर्मल कागदावरची आहे आणि आणखी फिकट होत जाणार. आज तिची झेरॉक्स काढा. मागची बाजू तुम्ही पाठवलेलीच नाही. अटी छापलेल्या असतील तर तिथेच असतील. त्या बाजूचीही झेरॉक्स काढून तक्रारीला लावा.