वाशिष्ठीच्या पात्रात ग्लाइड बेटला मरळ आणि जिताडा लागतो का?

चिपळूणच्या आसपास ग्लाइड बेट (पाण्यात डावी-उजवीकडे सरकणारे, माशासारखे कृत्रिम आमिष) चालेल का, आणि मासा मागोमाग येऊन तोंड न लावताच का परततो, असे आपण विचारले आहे. मरळ आणि जिताडा दोन्ही लागतात. मात्र हे आमिष मासा डोळ्यांनी हेरून धरतो, त्यामुळे पाणी निवळलेले हवे. पावसाळ्यातील गढूळ लोंढ्यात ते टाकणे व्यर्थ आहे. दिवाळीनंतर डोहांचे पाणी नितळ होऊ लागते, तेव्हा सुरुवात करावी. शेवाळ आणि पाणवनस्पतींच्या गर्दीत ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) अडकतात, म्हणून तेथील मरळीसाठी रबरी बेडूकच बरा. ग्लाइड बेट त्या गर्दीच्या कडेने चालवावे.

या आमिषाचे दोन भाग एका सांध्याने जोडलेले असतात. रीळचा दांडा अर्धा फेरा फिरवून क्षणभर थांबले की ते एका बाजूला सरकते, पुढच्या अर्ध्या फेऱ्याला दुसऱ्या बाजूला, आणि ही नागमोडी चाल संथ राहिली की मोठा मासा कुतूहलाने मागे लागतो. बहुतेक जण त्यानंतरही त्याच लयीत ओढत राहतात आणि मासा काठापर्यंत येऊन फिरतो. त्याऐवजी मासा दिसताच दोन झटपट अर्धे फेरे द्यावेत, आमिष गर्रकन वळले की लाइन किंचित सैल सोडून थांबावे. धडक बहुधा या थांब्यातच बसते.

खाडीकडे उतराल तेव्हा एक गोष्ट आवर्जून तपासा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे 2.5 टक्के जड असते, त्यामुळे गोड्या पाण्यात अधांतरी राहणारे 100 ग्रॅमचे आमिष तेथे जवळजवळ अडीच ग्रॅमने हलके पडते आणि थांबताच वर येऊ लागते. पुढच्या हुकाजवळ पोटाला शिशाची पातळ पट्टी चिकटवावी, आमिष आडवे राहते ना हे काठाशी पाहावे, आणि ओहोटीला वरचे गोडे पाणी उतरू लागले की पट्टी काढावी. उधाणापेक्षा अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस मला अधिक भरवशाचे वाटतात, कारण प्रवाह मंद असतो आणि गाळ कमी ढवळला जातो. कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी वाशिष्ठीत येते, त्याचाही पातळीवर परिणाम होतो.

रॉड आमिषाचे वजन पेलणारा, साधारण 8 फुटी घ्यावा. ब्रेडेड (विणलेल्या) लाइनपुढे जाड लीडर, म्हणजे आमिषाजवळचा जाड दोऱ्याचा तुकडा, हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते.

जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे मोठा मासा ही बहुधा अंडी देणारी मादी असते. ती सुखरूप सोडता यावी म्हणून हुकांचे उलटे काटे पक्कडीने दाबून ठेवावेत; आणि वाशिष्ठीत मगरी असल्यामुळे पाण्यात न उतरता उंच काठावरून लांब दांड्याच्या जाळीनेच मासा घ्यावा.