गुंठ्यामागे पाचशे रुपये

प्रश्न : आमची दिवेआगरला सामाईक वाडी आहे, ती काका बघतात. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात सगळी पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, पडली. भरपाई मिळाली, गावात कुणाचा जीवही गेला नाही. तरी काका अजून त्याच वादळात अडकलेत. वाडी विकू म्हटलं तर बोलणंच टाकतात. नेमकं किती नुकसान झालं, हे त्यांना कसं विचारावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : माणसं वाचली ती हजारो लोकांना आधीच शाळांमध्ये, पक्क्या घरांत हलवलं म्हणून. त्याचं मोल मोठंच आहे. पण तेवढ्यावरून नुकसान कमी झालं असं धरू नका. मी श्रीवर्धनला वाडी करते. ३ जूनला दुपारी ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा आला. माड मुळापासून उपटले, पोफळी मात्र मध्यावर काडकन मोडत होत्या आणि एक पडली की शेजारच्या दोघींना घेऊन पडत होती. संध्याकाळी घराच्या मागच्या दारातून थेट समुद्र दिसला. लग्न होऊन आल्यापासून तिथून कधी समुद्र दिसला नव्हता.

आता भरपाईचं. फळबागेला हेक्टरी १८ हजार होते, ते सरकारने ५० हजार केले. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडे वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यात असतात. हेक्टरचे गुंठे शंभर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठेवाल्याला पाच हजार! ओरड झाल्यावर झाडामागे हिशेब आला : पोफळीला ५०, माडाला २५०. आडवं झालेलं खोड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त होती. त्यात सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, निम्मी मुंबईला, आणि टाळेबंदीत गावी येणार कोण? सगळ्यांची संमतिपत्रं गोळा करता करता काकांची किती दमछाक झाली असेल, ते त्यांनाच विचारा.

पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे एक झाड गेलं की तेवढ्या वर्षांचं उत्पन्न गेलं. तिच्यावर चढवलेली मिरी तिच्याबरोबर गेली. सावली गेल्यावर उरलेली जायफळं उन्हाने करपली. पुन्हा रोपं लावावीत, तर पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं.

एक नुकसान तर कुठल्याच पंचनाम्यात आलं नाही, आणि मला त्याचंच सर्वांत वाईट वाटतं. आमच्या आळीतल्या बायका हंगामात ओटीवर बसून सुपारी सोलतात. पोरांच्या वह्या, औषधं, सणाची साडी त्या पैशांतून यायची. त्यांच्या नावावर ना जमीन, ना झाड. बागायतदाराला थोडं तरी मिळालं, त्यांना काय मिळालं? वाडी पडली तशी त्यांची मजुरीही बुडाली, आणि विचारायला कुणी आलं नाही.

म्हणून काकांना आकडा विचारू नका. चार दिवस जाऊन राहा, त्यांच्याबरोबर वाडीत फिरा. वादळानंतर लगेच लावलेली रोपं आता धरायच्या बेतात असतील. सर्वांत कठीण वर्षं त्यांनी एकट्याने काढली आणि फळ दिसायच्या वेळी तुम्ही विकायचं म्हणताय, मग ते गप्प बसणारच.

जागा रिकामी असेल तर श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात 'श्रीवर्धनी' या सुपारीच्या जातीच्या रोपांची चौकशी करा. नऊ फुटांवर लावा, सावलीला मधे केळी घाला. माडाची जुनी खोडं कुजत पडली असतील तर आधी ती काढा, गेंड्या भुंगा त्यातच वाढतो आणि नव्या माडाचा शेंडा पोखरतो. आणि या खर्चातला तुमच्या वडिलांच्या वाट्याचा भाग काकांनी मागायच्या आधी पाठवा.