गप्प ठिकाणांची यादी

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोमवारी आपत्ती नियंत्रण कक्षात तुझी पहिली पाळी, आणि तू विचारतेस की समोर सहा पडदे असताना आधी कोणता बघायचा. तुझा हा प्रश्न मला थोडा फिरवावासा वाटतो. पडद्यावर काय दिसतंय ते शेजारच्या खुर्चीतला कोणीही सांगेल. काय दिसायला हवं होतं आणि दिसत नाहीये, हे हुडकायला तुला बसवलंय.

वणव्याचंच घे. नकाशावर लाल ठिपका उमटला की नवा माणूस लगेच म्हणतो, तिथे आग लागली. पण तो ठिपका कसा पडतो ते बघ. उपग्रहावरचा मोडिस नावाचा संवेदक जमीन साधारण 1 किलोमीटरच्या चौकोनांत वाचतो, व्हीआयआयआरएस नावाचा दुसरा 375 मीटरच्या. चौकोनात कुठेही आजूबाजूपेक्षा बरीच जास्त उष्णता सापडली, की ठिपका पडतो चौकोनाच्या मध्यावर. खरी आग कोपऱ्यात असेल, ओढ्यापलीकडच्या उतारावर असेल. पथकाला ओढ्याच्या कुठल्या काठाने पाठवायचं, हे ठिपका सांगत नाही. तापलेला पत्रा, तेलविहिरीवर जाळला जाणारा वायू, ज्वालामुखी, यांचेही ठिपके पडतात. रोज त्याच जागी दिसणाऱ्या ठिपक्यांची वेगळी वही कर, म्हणजे रात्री दोन वाजता उगाच धावपळ होणार नाही.

याच्या उलट जे होतं ते जास्त घातक. वर दाट ढग असले, झाडोऱ्याखाली पाचोळ्यातून आग सरपटत असली, किंवा दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती पेटून पसरली, तर ठिपका येतच नाही. हे संवेदक वाहणारा एक उपग्रह एखाद्या जागेवरून दिवसातून साधारण दोनदा जातो. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम राहणारे, दर दहा मिनिटांनी बघू शकतात, पण त्यांचे चौकोन मोठे, लहान आग त्यांत विरून जाते. म्हणजे कोरा नकाशा बघून तुला एवढंच म्हणता येतं, की शेवटच्या फेरीला काही सापडलं नाही. ती फेरी किती वाजताची, हे प्रत्येक वेळी बघ. उपग्रहाच्या नोंदी जागतिक वेळेत येतात. मी एकदा ती स्थानिक वेळ समजून काही तासांपूर्वीचा ठिपका ताजा म्हणून कळवला होता. पथक पोचलं तेव्हा तिथे राख होती आणि आग टेकडी ओलांडून गेली होती. त्या दिवशी कोणी दगावलं नाही, ते माझं नशीब.

आणि वणव्याच्या दिवशी ठिपक्यांच्या आधी वाऱ्याचा अंदाज वाच. 7 फेब्रुवारी 2009 ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी 173 माणसं गेली. दिवसभर उत्तरेच्या गरम वाऱ्याने आगी लांबट, चिंचोळ्या पट्ट्यांत धावत होत्या. संध्याकाळी नैर्ऋत्येचा वारा आला आणि पट्ट्याची अख्खी लांब कड आगीचं तोंड झाली. असा वाराबदल अंदाजात आधी दिसतो. तो किती वाजता येणार, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं.

पाऊस दाखवणाऱ्या रडारचीही खोड माहीत असू दे. पृथ्वी गोल, त्यामुळे किरण जितका लांब जातो तितका जमिनीपासून वर उचलला जातो. क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेला किरण 100 किलोमीटरवर साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. त्याखाली काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही. डोंगर आडवा आला तर मागचं सगळंच झाकलेलं. पडद्यावर मात्र ती जागा कोरडी दिसते.

आता मुख्य गोष्टीवर येतो. 2017 च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळ कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावरून गेलं. बेटावरचं हवामान रडार वादळातच मोडलं, वीज गेली, बहुतेक सगळे मोबाइल टॉवर बंद पडले. मृतांचा अधिकृत आकडा बरेच महिने 64 होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो 2,975 करावा लागला. मधल्या काळात दवाखाना, औषध, वीज यांवाचून माणसं गेली होती आणि ती मोजायची सोयच उरली नव्हती. 2021 च्या जुलैत जर्मनीतल्या आर नदीला पूर आला तेव्हा आल्टेनारचं पूरमापक पुरातच निकामी झालं. पाणी सगळ्यात उंच चढत असताना नेमका तिथलाच आकडा थांबला.

म्हणून दर तासाला एक यादी करायची: एरवी ज्यांच्याकडून नोंद येते आणि या तासाला आली नाही, अशी ठिकाणं. पर्जन्यमापक, पूरमापक, पोलीस ठाणी, आरोग्य केंद्रं, सगळी. आधी फोन. लागला नाही तर बिनतारी. तेही नाही तर शेजारच्या गावाला विचार, तिकडून कोणी आलंय का. मग गाडी पाठवायला सांग. आम्ही तिला गप्प ठिकाणांची यादी म्हणायचो. आपत्तीत ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात, मदतीच्या गाड्याही तिकडेच वळतात. ज्याच्याकडे चार्ज केलेला फोन आणि चालू टॉवर आहे तो तुलनेने बरा आहे, हे वरिष्ठांना पटवणं सोपं नाही. माझी निम्मी भांडणं यावरूनच झाली.

इशाऱ्याबद्दल. ‘अतिवृष्टीची शक्यता’ वाचून कोणी उठून घराबाहेर पडत नाही. कोणी, कुठून, किती वाजायच्या आत, कोणत्या रस्त्याने, कुठे जायचं, हे वाक्यात हवं. आणि ज्या साधनाने इशारा द्यायचा त्याचा लोक काय अर्थ लावतात हे शांततेच्या काळातच ठरवून ठेवलेलं हवं. 8 ऑगस्ट 2023 ला अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या लहैना गावात आग शिरली तेव्हा भोंगे वाजवलेच गेले नाहीत. कारण असं सांगितलं गेलं, की लोकांना तो भोंगा त्सुनामीचा वाटला असता आणि ते डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच, पळाले असते. मृतांची संख्या 100 च्या आसपास गेली. त्याच दिवशी सकाळी तिथली आग पूर्ण आटोक्यात आल्याचं जाहीर झालं होतं, दुपारी ती पुन्हा उफाळली. ‘आटोक्यात’ हा शब्द ऐकला की तो विभाग नकाशावरून पुसू नकोस.

चुकीचा इशारा मागे घ्यायचा मजकूरही आधी तयार ठेव. 2018 च्या जानेवारीत त्याच हवाईत क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा फोनवर गेला. तो चुकीचा होता हे फोनवर सांगायला 38 मिनिटं लागली.

कधी असं वाटेल की खुर्चीत बसून आपण करतो काय. तेव्हा ओडिशाचं आठव. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10,000 माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा 10 लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले होते आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. मधल्या चौदा वर्षांत अंदाज सुधारले हे खरंच, पण निवारे बांधले गेले, गावोगावी माणसं तयार झाली, आणि कक्षातून फोन केला तर उचलणारं कोणीतरी होतं. तुझ्याकडच्या नंबरांच्या यादीतले किती नंबर चालू आहेत? पहिल्या आठवड्यात एकेक लावून बघ. कंटाळवाणं काम आहे, कुणी करत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ताजे म्हणून फिरणाऱ्या जुन्या व्हिडिओंबद्दल वेगळं लिहीत नाही, तुझ्या पिढीला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पाळी सोपवताना पुढच्या माणसाला गप्प ठिकाणांची यादी तोंडी वाचून दाखव, नुसती टेबलावर ठेवू नकोस. आणि सोमवारी ओळखीपाळखी झाल्या की विचार, जनरेटरला किती तासांचं डिझेल आहे. ‘असेल की पुरेसं’ असं उत्तर आलं तर स्वतः खाली जाऊन बघून ये, आणि काय सापडलं ते मला कळव.