पहिलं हॅलोवीन आहे? मग एवढं सांभाळा

न्यू जर्सीतलं पहिलंच हॅलोवीन ना? त्या संध्याकाळी मुलं वेगवेगळे पोशाख घालून घरोघरी खाऊ मागत फिरतात. तुमच्या मुलांनाही जरूर न्या, फार मजा येते! फक्त गाड्यांना जपा, खरा धोका तोच. 31 ऑक्टोबरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नवखे पालक नेमका काळा, पायघोळ पोशाख निवडतात.

- पोशाख घोट्यापर्यंतच. पाठीवर रिफ्लेक्टिव्ह टेप, हातात टॉर्च. आत स्वेटर घालाच, गारठा असतो.
- मुखवट्याने नीट दिसत नाही. त्यापेक्षा चेहरा रंगवा. रंग आदल्या दिवशी हातावर लावून बघा.
- बाहेरचा दिवा चालू असेल त्याच दारी जा. घरात शिरायचं नाही.
- खाऊ घरी येऊन तपासल्यावरच. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल आणि छोट्या चॉकलेटवर घटक छापलेले नसतील, तर ते सरळ बाजूला काढा.

सजावटीसाठी कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा.