कट्टर वंशद्वेषी माणूस बदलतो, हे पटेल असं दाखवणारा चित्रपट कोणता?

'अमेरिकन हिस्टरी एक्स' (1998). लॉस एंजेलिसमधला नवनाझी डेरेक दोन कृष्णवर्णीय तरुणांना मारून तुरुंगात जातो. तिथे लाँड्रीत त्याच्या जोडीला लॅमाँट हा कृष्णवर्णीय कैदी येतो. चादरींच्या घड्या घालता घालता थट्टामस्करी सुरू होते आणि डेरेकचा ताठा सैल पडू लागतो. मग स्वतःचेच नवनाझी सोबती उलटतात, ते वेगळंच.

मला सगळ्यात अस्सल वाटला तो जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग. डेरेकचे अग्निशामक दलातले वडील, चारचौघांसारखा माणूस, पण जेवताना सहज बोलता बोलता पोराच्या मनात विष कालवतात. आरडाओरडा अजिबात नाही!

तुरुंगातला बदल जरा झटपटच उरकलाय, हे खरं. डेरेक साकारणाऱ्या एडवर्ड नॉर्टनच्या अभिनयाने ते निभावून नेलंय. हिंसा मात्र अंगावर येते, मुलांसोबत बघू नका.