लॅबच्या एसीचा हिशोब काढताना आधी फ्यूम हूड मोज भावा

भावा, सायन्स बिल्डिंगचं पहिलंच काम हाय म्हणतोस तर एसीचं टनेज (गार करायची ताकद) काढायच्या आधी केमिस्ट्री लॅबमधले फ्यूम हूड (विषारी वाफ बाहेर ओढणारी, पुढं वर-खाली सरकणारी काच असलेली कपाटं) मोज. दीड मीटर रुंद हूड, काच अर्धा मीटर वर, तोंडावर हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर धरला तर एकटा हूड तासाला १,३५० घनमीटर हवा बाहेर फेकतो, आणि ती हवा तू आत्ताच पैसे घालून गार केलेली असतीस, परत फिरवताबी येत नाही कारण त्यात ॲसिडची वाफ. म्हणून काच खाली ओढली की एक्झॉस्ट आपोआप कमी होईल असा व्हीएव्ही हूड घे आणि फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लाव, वेग ८० टक्क्यांवर आणला तरी वीज जवळजवळ निम्मी लागते. फक्त खोलीचं निगेटिव्ह प्रेशर (आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी, म्हंजे वाफ बाहेर पसरत नाही) सांभाळ.

क्लासरूम, स्टाफरूम वेगळ्या युनिटवर. आपल्या कोल्हापुरात हिवाळ्यात खिडक्या नि पंखे बास. खरा घोळ जुलैत, पंचगंगा पात्राबाहेर असते तेव्हा गारव्यापेक्षा दमटपणा काढायलाच जास्त वीज जाते. मी एका कॉलेजात हे विसरलो, मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशी आली, लई बोलणी खाल्ली.