‘घेता का?’ या प्रश्नात न उच्चारलेली गोष्ट

परदेशात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती शनिवारी मित्रांबरोबर ‘बसतात’. सासूबाई काही महिन्यांसाठी राहायला आल्या, की घरातल्या बाटल्या गॅरेजमधल्या कपाटात जातात. परवा 16 वर्षांच्या मुलाने विचारले, की हे वाईट असेल तर बाबा करतात कशाला, आणि वाईट नसेल तर आजीपासून लपवता कशाला? त्याच आठवड्यात पतीचा रक्तदाब वाढलेला निघाला होता, आणि दवाखान्याच्या फॉर्ममध्ये ‘आठवड्याला किती मद्य घेता?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘कधीतरी’ एवढेच लिहिले होते.

ताई, मुलाचा प्रश्न आणि फॉर्ममधला ‘कधीतरी’ या माझ्या मते एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. आपण ‘घेता का?’ असे विचारतो, ‘आज बसायचं का?’ असे म्हणतो. काय घ्यायचे आणि कशासाठी बसायचे, हे कोणी उच्चारत नाही. उच्चारायची वेळ आलीच, तर ‘व्यसन’ हा एकच जड शब्द हाताशी असतो आणि तो रोज पिऊन संसार उधळणाऱ्यालाही लागतो व सणासुदीला एखादा ग्लास घेणाऱ्यालाही. पाप आणि मौज यांच्या मधल्या जागेसाठी, म्हणजे किती, केव्हा आणि कितीदा यासाठी, घरात बोलीच तयार झालेली नसते. ज्याचे नाव घ्यायचे नाही ते मोजणार तरी कसे, आणि डॉक्टरांना सांगणार तरी कसे?

परदेशात आल्यावर काही जण नेमके दुसरे टोक गाठतात. थोडी वाईन हृदयाला चांगली, फ्रेंच लोक बघा ना, असे आजही ऐकू येते. 1990 च्या दशकात ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ या नावाने गाजलेल्या या समजुतीचा आधार पुढे बराच ढासळला, कारण त्यामागच्या अभ्यासांत ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही मोजले गेले होते आणि त्यामुळे थोडे पिणारे त्यांच्या तुलनेत अधिक निरोगी दिसत होते. खुद्द फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात यकृताच्या सिरोसिसने, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होण्याने, होणारे मृत्यू फार होते आणि दरडोई वाईन कमी होत गेली तसे तेही कमी झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली, आणि जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले, की आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित म्हणावी अशी मद्याची कोणतीही पातळी नाही. यकृतात मद्याचे अॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन होते, मग ते पॅरिसमध्ये प्यालेले असो की पुण्यात.

तरीही संस्कृतीने फरक पडतो, आणि तो पडतो पिण्याच्या पद्धतीत. जेवणाबरोबर सावकाश घेतलेला एक ग्लास रक्तात हळूहळू उतरतो. आठवडाभर कोरडे राहून शनिवारी रात्री सगळी कसर भरून काढली, तर रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि घरी परतताना गाडीचे चाक या सगळ्यांवरच त्याचा ताण येतो. ‘आम्ही काही रोज पीत नाही’ असे समाधान मानणाऱ्या शनिवारच्या बैठकींनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी घरगुती आहे. पतीने नेहमीसारखा पेग नेहमीच्या ग्लासात ओतावा आणि मग तो स्वयंपाकघरातल्या मेजरिंग कपात रिकामा करून पाहावा. 60 मिलिलिटर व्हिस्कीत मद्यांश 40 टक्के असेल, तर ब्रिटिश हिशेबाने, म्हणजे 10 मिलिलिटर शुद्ध मद्यांशाला एक युनिट धरून, ती 2.4 युनिट होते. असे चार पेग म्हणजे 9.6 युनिट. ब्रिटनचा 2016 पासूनचा सल्ला आहे, की आठवड्याला 14 युनिटांच्या वर जाऊ नये आणि तीही तीन किंवा अधिक दिवसांत विभागलेली असावीत. कॅनडातील 2023 चे मार्गदर्शन याहून कडक आहे: आठवड्याला दोन प्रमाण पेयांपर्यंतच (एक पेय म्हणजे सुमारे 17 मिलिलिटर शुद्ध मद्यांश) धोका कमी मानावा, असे ते सांगते. हाती आलेला आकडा फॉर्मवर जसाच्या तसा लिहावा. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह तुलनेने कमी वयात आणि कमी वजनातही होतो, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना मद्य घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. ‘कधीतरी’ एवढ्यावरून डॉक्टर औषधे कशी ठरवणार?

मुलाला मात्र घरीच चव देऊन शहाणे करावे, या विचाराला माझा विरोध आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे 1900 किशोरवयीन मुलांचा सहा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, पालकांनी स्वतः मद्य दिल्याने मुलांचे संरक्षण होते असे आढळले नाही. उलट इतर ठिकाणांहूनही मद्य मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. त्याला खरे सांगावे: बाबांना मित्रांच्या सहवासाचा आनंद आवडतो, त्यासोबत पिणेही आले, त्याचा शरीराला त्रास होतो आहे आणि बाबा आता पिणे कमी करत आहेत. न पिणारा मित्र मैफिलीत आला, तर त्याला कारण विचारू नये, हेही त्याने आपल्याच घरात पाहावे.

सासूबाईंना एकदम सगळे सांगण्याची सक्ती मी तुमच्यावर करणार नाही. पण ते सांगायचे तर ते पतीने स्वतः आईला सांगावे. बाटल्या हलवण्याचे काम तुमच्याकडे का असावे?

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. पिणे प्रत्यक्षात रोजचे असेल आणि सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल, तर कोणाच्याही आग्रहाखातर ते एका दिवसात बंद करू नका. अशा शरीरात अचानक मद्य थांबले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावरही बेतते. अशा वेळी आधी डॉक्टरांना फोन करा आणि त्यांच्या देखरेखीखालीच ते कमी करा.